तिथीची पाऊणपट

रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगर-भरडखोलच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशोब चालत आला आहे. तिथी घ्यावी, तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेला या हिशोबाने सव्वाअकरा येतात आणि प्रत्यक्षात पाणी बाराच्या सुमारास चढते. फरक पडतो, कारण भरती रोज पंचेचाळीस नव्हे, जवळपास पन्नास मिनिटांनी पुढे जाते. होडी कधी लोटायची, ओहोटीला खडपावर कालवे काढायला कधी जायचे, हे ठरवायला एवढी अचूकता पुरते.

या एका ओळीच्या नियमात पाचवीच्या वर्षाचे बरेच गणित सामावले आहे. अपूर्णांकाने गुणणे आहे, तासांची मिनिटे करणे आहे, अंदाज बांधणे आहे आणि अंदाज किती चुकतो हे तपासणेही आहे. तरीही याच किनाऱ्यावरच्या मुलासमोर ‘१० चे ३/४ किती?’ असे फळ्यावर लिहिले की ते गोंधळते. अंश कुठला, छेद कुठला, आधी गुणायचे की भागायचे, असे प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसतात. घरात जे गणित बोलले जाते आणि वर्गात जे लिहिले जाते, त्यांच्यात अंतर पडले आहे. हे अंतर का पडले, ते कमी करायला आजवर कोणी काय केले आणि आज वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला काय करता येईल, हा या पुस्तकाचा विषय आहे.

हे अंतर फक्त आपल्याकडचे नाही. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिन्या नुनेस, डेव्हिड कॅरहर आणि ॲनालुसिया श्लीमन या अभ्यासकांनी रस्त्यावर किरकोळ विक्री करणाऱ्या मुलांचे गणित तपासले. त्यांच्यात बारा वर्षांचा एक नारळविक्या मुलगा होता. एक नारळ ३५ चा, तर दहा कितीला? त्याने तीन नारळांचे १०५ धरले, आणखी तिनांचे मिळवून २१० केले, मग ३१५ आणि शेवटी ३५०. दहाने गुणताना शून्य द्यायचे, ही शाळेची रीत त्याने वापरली नाही. तीन नारळांची किंमत त्याला पाठ होती, तिच्यावरून तो पुढे चालत गेला. त्याच मुलाला नंतर कागदावर ३५ गुणिले ४ करायला दिले. त्याने २०० लिहिले. पाच चोक वीस, हातचे दोन. ते दोन तिनात आधीच मिळवून पाच केले आणि पाच चोक वीस. बाजारात त्या मुलांची जवळपास सगळी, म्हणजे ९८ टक्के उत्तरे बरोबर आली. तेच आकडे नुसत्या उदाहरणांच्या रूपात कागदावर दिले तेव्हा ३७ टक्केच आली.

आपल्याकडे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनी धारावीतल्या छोट्या उद्योगांत हातभार लावणाऱ्या मुलांचे असेच ज्ञान नोंदवले आहे. २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. बाजारातल्या मुलांना पुस्तकातले गणित जमत नाही, हे अपेक्षित होते. पण फक्त शाळेत शिकलेल्या मुलांनाही बाजारातला साधा हिशोब तोंडी जमेना. म्हणजे पूल दोन्ही बाजूंनी तुटलेला आहे.

आपल्या प्रदेशात आकड्यांची परंपरा फार जुनी आहे. नाणेघाटातल्या सातवाहनकालीन लेखात दानाचे आकडे कोरलेले आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण इथल्या १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. दिवेआगरचा शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या आद्य लेखांमध्ये गणला जातो. पण या सगळ्यावरून सामान्य घरातले मूल गणित कसे शिकत होते, ते कळत नाही. ते कळते पंतोजींच्या शाळांपासून.

पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती, मोडीची अक्षरे होती आणि सगळ्यांत जास्त वेळ जाई तो उजळणीत. दिवेलागणीला घरी परवचा म्हणायचा, त्यातही पाढेच. एक ते तिसापर्यंतचे पूर्ण पाढे, आणि त्यांच्याबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवाईकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. आजच्या शिक्षकाला हा सगळा घोकंपट्टीचा पसारा वाटतो. त्या काळचे व्यवहार पाहिले की त्याचे कारण समजते. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन. मणाचे शेर चाळीस. शेराचे भाग अर्धा, पाव, नवटाक असे निम्म्या-निम्म्याने उतरत जाणारे. जिथे बरीच एकके चार किंवा सोळा भागांत मोडतात, तिथे पाव आणि पाऊण ही मोजण्याचीच साधने होतात. पावणेतीन रुपये शेराने साडेतीन शेरांचे किती, हे ज्याला तोंडी येत नाही त्याला दुकानात बसता येत नव्हते आणि खोतापुढे किंवा सावकारापुढे मान वर करता येत नव्हती. पाऊणकी पाठ करणाऱ्या मुलाला ती कशासाठी आहे हे कोणी समजावत नसे. गावात पाऊल टाकले की ते दिसायचे.

मग १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. त्यासाठी नाणेकायद्यात १९५५ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा देशाचे अर्थमंत्री आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख होते. पाठोपाठ किलो-ग्रॅम आणि मीटर आले. हा बदल योग्य होता. हिशोब सोपा झाला, फसवणूक करणे अवघड झाले. पण त्याचा एक परिणाम शिक्षणात कोणी नीट हाताळला नाही. अपूर्णांकांच्या पाढ्यांमागचा व्यवहार गेला आणि पाढे काही वर्षे नुसतेच उरले, अर्थाशिवाय म्हटले जाणारे. नंतर तेही गेले. त्यांच्या जागी अंश-छेदाचे अपूर्णांक आले, चित्रातल्या कापलेल्या भाकरीसकट. जे अपूर्णांक मुलाच्या बोलण्यात होते, ते पुस्तकाच्या बाहेर पडले. आजही दिवेआगरात मूल सव्वा किलो, दीडशे रुपये, अडीच हजार, पावणेदोन तास हे शब्द रोज ऐकते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी अपूर्णांकांची स्वतंत्र, घरगुती नावे असलेल्या भाषेत शिकवणारा शिक्षक भाग्यवान आहे. दीडशे म्हणजे शंभराची दीडपट, हे ज्या मुलाला आपोआप कळते, त्याच्यापाशी अपूर्णांकही आहे आणि शतक हे एकक म्हणून वापरण्याची समजही आहे. अपूर्णांकाच्या पहिल्या पाठाची सुरुवात इथूनच व्हावी, हे माझे ठाम मत आहे.

लिखित शालेय गणित आपल्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकात. मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणितग्रंथ मराठीत आणले. बाळशास्त्री जांभेकरांनी मराठीतून गणित लिहिले. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, यांनी ग्रहगणिताची कोष्टके रचली आणि शाळांसाठी अंकगणितही लिहिले. टिळक आणि आगरकर त्यांचे विद्यार्थी. या पिढीचे मोठे काम म्हणजे मराठीला गणिताची परिभाषा मिळाली. मात्र शिकवण्याच्या पद्धतीला त्यांनी फारसा हात लावला नाही. आधी नियम, मग सोडवलेले उदाहरण, मग सराव, ही पुस्तकाची मांडणी तेव्हा आली आणि अजून गेलेली नाही.

गणित कोणासाठी, हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी विचारला. १८८२ च्या हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले आणि त्यात मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशोबाचा समावेश केला. त्यामागे त्यांच्या आयुष्यभराची तक्रार होती: हिशोब न येणाऱ्याला कागदावर लुटले जाते.

विसाव्या शतकात दोन प्रवाह जवळजवळ एकाच वेळी आले. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धत आपल्या मातीत आणली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आणि १९५७ मध्ये कोसबाडला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. वारली मुलांसाठी विलायती साधने परवडणारी नव्हती आणि गरजेचीही नव्हती. बिया, खडे, शिंपले, पाने यांनी ती जागा घेतली. वस्तू हातात घेतल्याशिवाय संख्येची समज येत नाही, हा त्या प्रवाहाचा गाभा. दुसरा प्रवाह गांधीजींच्या नई तालीमचा. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर सूतकताई आणि शेती यांतून गणित शिकवावे, असा आराखडा तयार झाला: किती तार सूत निघाले, किती कापूस लागला, किती मजुरी झाली. नई तालीम शाळांत फार काळ टिकली नाही. पण कामातला हिशोब हेच गणिताचे पुस्तक, हा तिचा विचार किनाऱ्यावरच्या शाळेला आजही उपयोगी आहे.

बाहेरच्या जगात याच काळात ज्याँ पियाजे मुलांशी बोलत होते. सुपाऱ्यांच्या दोन सारख्या ओळी मांडा आणि एक ओळ पसरून लांब करा; पाच वर्षांचे मूल बहुधा म्हणते की लांब ओळीत जास्त सुपाऱ्या आहेत. ते मोजायला चुकत नाही. संख्या म्हणजे काय, याची त्याची कल्पना अजून घडते आहे. मुलाची चूक ही त्याच्या विचाराची खूण असते, हे शिक्षणशास्त्राला पियाजेंनी शिकवले. जेरोम ब्रूनर यांनी हाताने करणे, चित्रात पाहणे आणि चिन्हात लिहिणे असे तीन टप्पे सांगितले. झोल्टन दिनेश यांनी दशक-शतकांचे ठोकळे बनवले. नेदरलँड्समध्ये हान्स फ्रॉयडेन्टाल म्हणाले की तयार गणित मुलाला देऊ नका, परिस्थिती द्या आणि मुलांना गणित पुन्हा शोधू द्या. या सगळ्यांचे वाद मोठे आहेत. पहिली-दुसरीच्या शिक्षकाला त्यांत अडकून पडण्याची गरज नाही. त्यांच्यात एक गोष्ट समान आहे, आणि ती महत्त्वाची आहे: चिन्ह शेवटी येते.

महाराष्ट्रात १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एक पाठ्यपुस्तक पोहोचले. १९७४ मध्ये सुरू झालेल्या होमी भाभा केंद्राने संशोधन आणि शिक्षक-प्रशिक्षण यांची सांगड घातली. विवेक मॉन्टेरो, गीता महाशब्दे यांच्या ‘नवनिर्मिती’ने स्वस्त साधने घेऊन गणित सर्वांना येऊ शकते, असा आग्रह धरला. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले आणि २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर राज्यभरातून शिक्षक ते पाहायला जाऊ लागले. मण्यांच्या माळा, काड्यांचे गठ्ठे, फरशीवर आखलेले तक्ते आता बहुतेक शाळांत दिसतात.

आणि तरी बरेचसे साहित्य पेटीत राहते. कधी हरवेल म्हणून, कधी तपासणीला नीट दिसावे म्हणून. वापरले तरी पुष्कळदा काड्यांचा तास वेगळा आणि वहीचा तास वेगळा असतो. काड्यांचा गठ्ठा सोडला तेव्हा वहीतल्या उभ्या मांडणीत काय बदलले, हे मुलाला कोणी विचारत नाही. जुन्या शाळेने घोकायला दिले, नव्या शाळेने हाताळायला दिले. दोन्हींच्या मधले बोलणे राहून गेले.

एका वजाबाकीवर थोडे थांबतो, कारण या पुस्तकाचा सगळा भर त्यात दिसेल. ४३ मधून १८ वजा करा. दुसरी-तिसरीतली अनेक मुले ३५ लिहितात. तिनातून आठ जात नाहीत, म्हणून ती आठातून तीन काढतात. मोठ्यातून लहान वजा करायचे, हा नियम ती आधी शिकलेली असतात आणि इथेही तोच पाळतात. चूक आहे, पण नियमाने केलेली चूक आहे. वहीत फुली मारून ‘पुन्हा सोडव’ लिहिले तर मूल पुन्हा तेच करील. तेच मूल घरच्या दुकानात बसले असेल आणि अठरा रुपयांच्या वस्तूसाठी गिऱ्हाइकाने त्रेचाळीस रुपये पुढे केले, तर ते अठरावर दोन ठेवून वीस करते, मग वीस ठेवून चाळीस, मग तीन. पंचवीस परत. शिक्षकाने करायचे काम एवढेच: ‘दुकानात पंचवीस आणि वहीत पस्तीस, असे कसे?’ हे शांतपणे विचारायचे आणि मग थांबायचे. मुलाला उत्तर शोधायला वेळ लागतो. तो वेळ म्हणजेच गणिताचा तास.

इथे घरातूनही एक अडचण येते. आज शाळेत दशक सुटा करून वजाबाकी शिकवतात: चाळिसातला एक दशक मोडला, तिनाचे तेरा झाले, वर तीन दशक उरले. आजी-आजोबांच्या पिढीतले बरेचजण निराळे करतात: तेरातून आठ गेले पाच, हातचा एक, एक आणि एक दोन, चारातून दोन गेले दोन. वरच्या संख्येत दहा सुटे मिळवले, खालच्या संख्येत एक दशक मिळवला, म्हणून फरक तोच राहिला. दोन्ही रीती बरोबर आहेत. मूल मात्र घरी एक आणि शाळेत दुसरी ऐकते आणि दोन्ही अर्धवट मिसळते. लिपिंग मा यांच्या १९९९ च्या पुस्तकात चिनी आणि अमेरिकी प्राथमिक शिक्षकांना अशाच वजाबाकीबद्दल विचारलेले आहे. बहुतेक अमेरिकी शिक्षकांनी ‘उसने घेण्या’ची कृती सांगितली, चिनी शिक्षकांनी मोठे एकक मोडण्याचा अर्थ सांगितला आणि एकाहून अधिक रीती तुलनेला घेतल्या. हा फरक शिक्षकांच्या पदव्यांमुळे पडला नव्हता. तो प्राथमिक गणिताकडे खोल विषय म्हणून पाहण्यामुळे पडला होता. पहिली ते पाचवीचे गणित सोपे आहे आणि कोणीही शिकवू शकतो, या समजुतीने आपले मोठे नुकसान केले आहे.

मराठी मुलाच्या वाट्याला आणखी एक खास अडचण येते: संख्यांची नावे. आपण लिहितो डावीकडून, दशक आधी. बोलतो एकक आधी. बहात्तर ऐकून ‘२७’ लिहिणारे मूल ऐकलेल्या क्रमाने प्रामाणिकपणे लिहीत असते. एकोणतीस, एकोणसाठ यांसारखी आठ नावे वजाबाकीतून बनली आहेत, नव्याण्णव मात्र तसे नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन देण्यात आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते अनेकांना आठवत असेल. विषय विधिमंडळापर्यंत गेला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी शांतपणे कारण सांगितले होते: जोडाक्षरी नावांमुळे लहान मुले संख्येलाच घाबरतात. नेहमीची नावे काढून टाकलेली नव्हती, ती सोबत होतीच. मला वाटते, नारळीकरबाईंचे निदान अचूक होते. उपायाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. ‘सत्तर आणि दोन’ हा बोलण्याचा टप्पा वर्गात जरूर यावा, स्थानिक किंमत पक्की होईपर्यंत खुशाल राहावा; पण बाजारात, बसमध्ये, घरात बहात्तरच ऐकू येणार, म्हणून शिक्षकाने दोन्ही नावे एकमेकांशेजारी बोलत राहावीत. २०२३ मध्ये नारळीकरबाई गेल्या. त्यांनी मांडलेला प्रश्न चेष्टेचा नव्हता, आणि तो अजून सुटलेला नाही.

हे सगळे आताच का लिहायचे? आकडे सर्वांना माहीत आहेत. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या सुमारे ३४ टक्के मुलांना दोन अंकी हातच्याची वजाबाकी येते आणि पाचवीतल्या सुमारे ३१ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते. २०२२ पेक्षा हे आकडे चांगले आहेत, पण दर तीन मुलांतली दोन अजून मागे आहेत. ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत पायाभूत संख्याज्ञान हे उद्दिष्ट ठेवले, ते योग्यच आहे. कोकणात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. तरुण कुटुंबे मुंबईला जातात आणि शाळांचा पट घटतो. २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक होत्या, आणि त्या एकत्र करून समूह शाळा काढण्याची चर्चा तेव्हा सुरू झाली. अशा कमी पटाच्या शाळेत दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात. रायगडातली कातकरी मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. प्रत्येक इयत्तेला रोज एक तास गणित, हे गृहीत धरून लिहिलेले साहित्य अशा वर्गात चालत नाही.

दुसरे कारण मला अधिक निकडीचे वाटते. १९५७ मध्ये जसा व्यवहार बदलला, तसा तो आज पुन्हा बदलतो आहे. शहाळ्याच्या गाडीपासून किराणा दुकानापर्यंत मोबाइलवर पैसे जातात. सुटे मोजणे, परत देणे, ‘दहा तुम्ही द्या, मी वीस देतो’ हे मुलांच्या डोळ्यांसमोरून नाहीसे होते आहे. ज्या बाजारी गणिताच्या भरवशावर आपण ‘कोकणातली पोरे हिशोबात पक्की’ म्हणत आलो, ते पुढच्या पिढीला आयते मिळणार नाही. ते आता शाळेलाच मुद्दाम उभे करावे लागेल.

आणि हिशोब न येण्याची किंमत मोठी असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. फळबागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली. इथल्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या दराने अडीच हजार रुपयेच येतात. पोफळ २.७ मीटर अंतराने लावली, तर पाच गुंठ्यांत साधारण सत्तर झाडे बसतात. म्हणजे झाडामागे पस्तीस-छत्तीस रुपये. पोफळ लावल्यापासून फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. मदत क्षेत्रावर नव्हे, झाडावर द्यावी, या मागणीमागे असाच हिशोब होता. गुणाकार, भागाकार, क्षेत्रफळ हे सगळे त्यात आले. नागरिक म्हणून बोलायला गणित लागते, हे मुलांना याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

या पुस्तकातले पाठ दिवेआगरच्या परिसरातून घेतले आहेत. पोफळीच्या रांगा गुणाकारासाठी आहेत, असोल्या नारळांची रास अंदाजासाठी, मासळीचे वाटे समान वाटपासाठी. भरतीची पाऊणपट अपूर्णांकांत येते. ऑलिव्ह रिडले कासवाच्या एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात; ती मोजण्याच्या, नोंदवण्याच्या कामातून माहितीचे तक्ते येतात. ही यादी दुसऱ्या गावाने जशीच्या तशी उचलू नये. घाटावरच्या शाळेत ऊस असेल, खानदेशात केळीचे घड. परिसर बदलला तरी पाठाची बांधणी तीच राहते: मुलाने आपल्या रीतीने हिशोब करायचा, तो मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने वेगळी रीत सांगायची, आणि मग या रीती वहीतल्या मांडणीत कुठे दिसतात ते सगळ्यांनी मिळून शोधायचे. बहुवर्ग शाळेसाठी एकच प्रसंग तीन पातळ्यांवर मांडला आहे, म्हणजे पहिलीचे मूल मोजत असताना चौथीचे त्याच राशीचा भागाकार करील.

पाढे या पुस्तकात आहेत. दहापर्यंतचे पाढे तोंडावर असलेच पाहिजेत. ते नसतील तर विचार करायला डोके मोकळे राहत नाही. पण सात आठे छप्पन्न विसरले तर सात साते एकोणपन्नासावरून ते परत कसे मिळवायचे, हेही मुलाला आले पाहिजे. जुने अपूर्णांकांचे पाढे सगळे परत आणावेत, असे मी म्हणत नाही. निमकी, पाऊणकी आणि दिडकी दहापर्यंत, त्याही मुलांनी स्वतः तयार केलेल्या, एवढे पुरे. भूमिती इथे थोडकी आहे, तिला वेगळे पुस्तक हवे. परीक्षेची तयारी करून घेणारा भाग यात नाही आणि पुढच्या आवृत्तीतही नसेल.

पालकांसाठी एक वेगळे प्रकरण आहे. ते लहान आहे, कारण सांगायचे मोजकेच आहे: घरातली रीत मुलाला दाखवा, शाळेतली रीत त्याच्याकडून समजून घ्या, आणि ‘मलाही गणित यायचे नाही’ हे वाक्य मुलासमोर बोलू नका.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती करतो. मुलांची चुकीची उत्तरे खोडण्याआधी एका वहीत उतरवून ठेवा: उदाहरण, मुलाने लिहिलेले उत्तर आणि ‘कसे काढलेस?’ या प्रश्नाला त्याने दिलेले उत्तर, त्याच्याच शब्दांत. मुलाचे नाव लिहायची गरज नाही. महिन्याच्या शिक्षण परिषदेत अहवाल आणि परिपत्रके झाल्यावर उरलेला अर्धा तास या वह्यांसाठी मागून घ्या. केंद्रप्रमुखांनी तो द्यावा. या पुस्तकातल्या पाठांमध्ये दुरुस्ती करायची असेल, तर त्याचा आधार त्या वह्यांतूनच मिळेल.